हिंगवाले आबा आणि चंद्राबाई

घोडीला 'अहो' म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पाटलाला अरे, तलाठ्याला अरे, मिशनच्या पाद्रीसाहेबांनासुद्धा "अरे सायबा", आणि घोडीला मात्र "अहो चंद्राबाई, जरा सरकता का?" आमची पहिली भेट झाली ती असल्याच एका प्रसंगात. शाळेच्या पायरीपुढे एक पांढुरकी घोडी आडवी उभी होती, आणि हे गृहस्थ तिच्यासमोर हात जोडून तिची समजूत घालत होते. मी वर्गातून ओरडले, "अहो, घोडी बाजूला घ्या! मुलांचं लक्ष जातंय."

"बाई, म्या कोन घेनारा?" ते म्हणाले. "त्येंनाच इचारा."

घ्या! मी तेव्हा नगरहून ट्रेनिंग संपवून मिशनच्या शाळेवर नवीनच आलेली. अंगात नव्या मास्तरणीचा रुबाब, जीभ जन्मापासून तिखट. मी तरातरा बाहेर आले आणि छत्रीचं टोक रोखून त्या घोडीला म्हटलं, "हो बाजूला!" ती हललीसुद्धा नाही. आबांनी माझ्याकडे खेदाने पाहिलं आणि म्हणाले, "एकेरी बोलला. आता संध्याकाळपतूर हालायच्या न्हाईत." आणि खरंच नाही हलली. त्या दिवशी मुलं मागच्या खिडकीतून उड्या मारून घरी गेली.

सगळा गाव त्यांना हिंगवाले आबा म्हणायचा. आमचं गाव सोनईच्या उत्तरेला, गोदावरीच्या अगदी अलीकडच्या काठावर. नदीपलीकडे निजामाचं राज्य. आमच्याकडे त्याला मोगलाई म्हणत. लढाईचे दिवस होते, रॉकेलला रांगा, साखरेला रांगा, पण आबांच्या हिंगाला कधी तुटवडा नाही. एखाद्याची किंमत नसली की आपण म्हणतो, त्याला कुणी हिंग लावून विचारत नाही. आबांना मात्र लोक हिंगासाठीच विचारायचे. बाळंतिणीच्या घरी ते चिमूटभर हिंग फुकट देत आणि वर उंबऱ्यात उभं राहून बाळाला तोंडभरून नावं ठेवत. काळं हाय, नकटं हाय, रडकं हाय. दृष्ट लागू नये म्हणून. एका बाईने एकदा मनावर घेतलं आणि त्यांच्या अंगावर ताकाचा गडवा रिकामा केला. आबा मिशा चाटत म्हणाले, "ताक आंबाट हाय. पोराला बी आसंच हुईल."

त्यांच्या अंगाला हिंगाचा असा दर्प यायचा, की ते गल्लीत शिरण्याआधी कुत्री उठून दुसरीकडे जात. स्वतः मात्र आमटीत हिंग पडलेला त्यांना चालत नसे. "दिसभर नाकात आसतो, आता पोटात कशाला?"

आबा खरं काय करत हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त मला आणि सरकारला नव्हतं. मला कळलं ते असं. एका रविवारी उपासना आटोपून मी परत येत होते. पाहते तर आबांनी मळ्याच्या कडेला एक बांबू रोवला होता, त्याला कोतवालाचा जुना खाकी कोट घातला होता, आणि स्वतः त्या कोटामागे लपून घसा फोडून ओरडत होते, "थांब! थांब, हरामखोरा!" ते ओरडले की चंद्री शेपूट वर करून सुसाट सुटायची. बांधाला वळसा घालून आली की आबा तिला गुळाचा खडा द्यायचे. मग हलकेच म्हणायचे, "पळा, चंद्राबाई, पळा," आणि ती खांबासारखी स्तब्ध उभी राहायची.

मी म्हटलं, "आबा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"बाई, तुमी शिकल्या-सवरलेल्या. मला सांगा, पोलीस मागून काय वरडतो?"

"थांब म्हणतो."

"मग? 'पळ' म्हनून वरडनारा पोलीस तुमी कवा बघितला?"

मग सगळं कळलं. मोगलाईतून अफूच्या वड्या यायच्या, चंद्रीच्या खोगिराच्या अस्तरात भरून. अफूला वास असतो, तो लपवायला हिंग. अबकारीचे शिपाई खोगिराला नाक लावायचे ते शिंकत मागे सरायचे. खोगीरभरती हा शब्द मी मुलांना निबंधात चुका दाखवताना वापरायचे. तिचा असा उपयोग मी तोवर पाहिला नव्हता.

मी त्यांना तिथल्या तिथे झाडलं. विष विकता, घरं बुडवता, देवाला काय तोंड दाखवाल, सगळं म्हणाले. आबांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इकीत न्हाई बाई, मी फकस्त वाहतो. इकनारा शेठ नगरात गादीवर लोळतोय. त्येला बी सांगा की येकदा हे समदं. तुमी लई ग्वाड रागावता."

आता अशा माणसावर किती वेळ चिडायचं? स्वतः ते अफूला शिवतही नसत. घरात कुणाशी खोटं बोलत नसत, उधारी बुडवत नसत. खोटं बोलायचं ते फक्त खाकी कपड्याशी. "त्यात पाप न्हाई," म्हणायचे, "ती त्येची नोकरी हाय, ह्यो माझा धंदा." आणि एवढा नदी ओलांडणारा माणूस पाण्याला भ्यायचा! उताराला गुडघाभर पाणी असलं तरी डोळे घट्ट मिटून चंद्रीच्या मानेला मिठी मारायचे आणि काठ लागेपर्यंत तिला विचारत राहायचे, "आलं का हो? आलं का?" बायको कधीची गेलेली, मूलबाळ नाही. त्या घोडीवर त्यांचा जीव होता. रात्री तिला पांघरूण घातल्याशिवाय ते स्वतः पांघरूण घेत नसत.

आणि नेमकी तीच गेली.

सोनईच्या बाजाराचा दिवस होता. चंद्री खुंटाला बांधलेली, आबा चहा पीत बसलेले. अबकारीचा नवा फौजदार आला. बांधलेल्या घोडीला थांब म्हटलं काय, पळ म्हटलं काय, ती जाणार कुठे? आबांच्या पिशवीत एक वडी सापडली. शिपायांनी खोगिराचं एका अंगाचं अस्तर उसवलं, ते रिकामंच निघालं, तोवर शिंकून शिंकून त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि दुसऱ्या अंगाला कुणी हात लावला नाही. आबांना जामीन मिळाला. घोडी मात्र सरकारजमा झाली आणि नेवाशाला फौजदाराच्या कचेरीमागे बांधली गेली.

त्यानंतरचे आबा मला पाहवत नव्हते. रोज नेवाशाला पायी जायचे, कुंपणाबाहेर बसायचे. घोडीने वैरण सोडली, यांनी भाकरी सोडली. मी एकदा पिठलं-भाकरी घेऊन गेले तर म्हणाले, "त्येंनी खाल्लं की खातो."

फौजदाराला हे दिसत होतंच. तो महत्त्वाकांक्षी माणूस होता. बूट इतके चकचकीत, की त्यात तोंड पाहून भांग पाडावा. त्याने आबांना बोलावलं आणि म्हणाला, मला तुझ्यासारखी चिल्लर नको, मला नगरचा शेठ पाहिजे. माल कुठे ठेवतो ते सांग. तुझं नाव कुठे येणार नाही, आणि घोडी परत.

आबा तीन दिवस कुंपणाशीच बसून होते. मग म्हणाले, "भंडारा उचल."

आमच्याकडे खंडोबाचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द म्हणजे शेवटचा शब्द. जमिनीचे वाद, भावाभावांची भांडणं, सगळी त्यावर मिटायची. मी ख्रिस्ती घरातली, तरी मला माहीत होतं, भंडारा उचलून कुणी फिरलं तर लोक त्याच्या घरचं पाणी पीत नाहीत. फौजदाराने खंडोबाच्या देवळात, पुजाऱ्यासमोर, भंडाऱ्याची मूठ भरली आणि शब्द दिला. आबांनी शेठचं कोठार सांगितलं. गुळाच्या ढेपांच्या मागे अफू सापडली, पेट्याच्या पेट्या. फौजदाराला साहेबाची शाबासकी मिळाली, गळ्यात हार पडला.

मग खटला उभा राहिला. शेठच्या वकिलाने खोचून विचारलं, एवढी नेमकी खबर तुम्हाला दिली कुणी, की पेट्या तुम्हीच नेऊन ठेवल्या? फौजदाराला तेवढंही सोसवलं नाही. त्याने बोट उचललं आणि मागच्या बाकावर बसलेल्या आबांवर रोखलं. नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. कोर्ट सुटल्यावर आबा घोडीचं विचारायला गेले तर म्हणाला, "कुठली घोडी? ती सरकारची आहे. मीच वापरतो आता."

आबा त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसले. सगळी हकीकत हातवारे करून, फौजदाराच्या आवाजाची नक्कल करून सांगितली. मी हसले, तेही हसले. मग अचानक थांबले. "बाई, मला चोर म्हना, मी हायच. पर मला चोराच्या धंद्यात कुनी आसं फसावलं न्हाई. त्येनं भंडारा उचलला हुता."

मला आजही त्या फौजदाराचा राग येतो. चोराशी खोटं बोललं तर ते खोटं नव्हे, असं मानणारी माणसं मला चोरापेक्षा वाईट वाटतात.

शेठ जामिनावर सुटला आणि त्याची माणसं बाजारात आबांना हुडकू लागली. लपायचं तर कसं? वास! आबांनी हिंगाची पेटी माझ्या माळ्यावर ठेवली, शिकेकाईने अंघोळी केल्या, राखेने अंग घासलं, तरी कुत्री उठून जायची ती जायचीच. "बाई, ह्या कुत्र्यांनीच माझा घात करायचा," ते म्हणायचे. गावाने मात्र त्यांना सांभाळलं. आज या घरी, उद्या त्या घरी. चहाडखोर म्हणून कुणी तोंड फिरवलं नाही, कारण भंडारा मोडणारा दुसराच होता.

आणि एका सकाळी तो फौजदार आमच्या गावात आला. चंद्रीवर बसून! खोगीरही तेच, फुकटात मिळालेलं, एका अंगाला शिवून घेतलेलं. चावडीपुढे त्याने पाटलाला दम दिला. आबांना उद्या साक्षीला हजर करा, नाहीतर बघून घेतो. मी शाळेच्या पायरीवर उभी होते. बाराखडी थांबलेली, सगळी मुलं माझ्याभोवती. चंद्री खंगलेली दिसत होती.

फौजदार वळला आणि निघाला दक्षिणेला, नेवाशाच्या वाटेने. चंद्री निघाली उत्तरेला. तिला आमच्या गावातून एकच वाट माहीत होती, नदीची. फौजदाराने लगाम खेचला, तिने मान झटकली. मग त्याने खच्चून आवाज दिला, "थांब!"

अगं बाई! ती अशी उधळली, की त्याची टोपी चावडीवरच राहिली. "थांब! थांब!" तो ओरडतोय आणि दर 'थांब'ला घोडी जास्तच पेटतेय. म्हातारा कोतवाल बिचारा मदत करावी म्हणून मागून धावत सुटला, "आरं थांब, थांब!" माझी मुलं काय कमी? त्यांना सगळं ठाऊक. सगळी शाळा एका सुरात ओरडली, "थांब! थांब!" शिस्त म्हणून मी त्यांना गप्प करायला हवं होतं. मीसुद्धा ओरडले. अगदी पोटातून ओरडले. पाटील पटक्याचा शेव तोंडात कोंबून हसत होता, बायका कणगीमागून डोकावत होत्या, आणि ज्या घराच्या माळ्यावर आबा लपले होते तिथून कौलं वाजल्याचा आवाज आला.

चंद्रीने उतार ओलांडला आणि तडक मोगलाईत शिरली. पलीकडे निजामाचा करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचं ठाणं. तिथे ती सवयीने आडबाजूच्या बाभळीत जाऊन उभी राहिली. नाक्यावरच्या लोकांनी पाहिलं तर ब्रिटिश हद्दीतला खाकीवाला, बोडका, परवान्याशिवाय, बाभळीत लपलेला. नाक्याचा जमादार मोठा चौकस. त्याने खोगीर उतरवलं, दोन्ही अंगांनी फाडलं. दुसऱ्या अंगातून आबांची शेवटची खेप निघाली. फौजदार ओरडत राहिला, "ही घोडी माझी नाही! त्या हिंगवाल्याची आहे!" कोर्टाबाहेर जे तोंडातून निघालं नव्हतं, ते नाक्यावर आपोआप निघालं.

साहेब लोक आले, पत्रापत्री झाली आणि त्याला सोडवून नेलं. त्याची बदली कुठे झाली ते मी विचारलं नाही. पण नाक्यावरून नदीवरच्या भोयाकरवी आबांना निरोप आला. घोडी मालकाची असेल तर मालकाने अलीकडचं एक भलं माणूस सोबत घेऊन यावं. न आल्यास शुक्रवारी लिलाव.

आता आली का पंचाईत! घोडी माझी म्हणावं तर खोगीरही तुझंच, चल आत. न म्हणावं तर चंद्राबाई लिलावात. शिवाय भलं माणूस आणायचं कुठून? पाटील फौजदारकीला भीत होता, तलाठी बदलीला. मी म्हटलं, "मी येते. मिशनच्या मास्तरणीचं कुणी काय वाकडं करणार?"

"बाई, खोगिराचं इचारलं तर तुमी खोटं बोलनार?"

"मी आयुष्यात खोटं बोलले नाही आणि बोलणारही नाही."

आबांचा चेहरा पडला. पण निघाले. मी लुगडं खोचून पाण्यात पुढे, आणि मागे आबा, डोळे मिटून माझ्या छत्रीचं टोक धरलेले, "आलं का हो? आलं का?" सबंध नदीभर. मी एकीकडे हसत होते आणि दुसरीकडे मनात प्रार्थना करत होते.

जमादार पान चघळत बसला होता. त्याने घोडी पुढे आणवली. चंद्रीने आबांना पाहिलं आणि त्यांच्या छातीवर डोकं टेकवलं. आबा तिच्या कपाळावर हात फिरवत राहिले. जमादाराने माझ्याकडे पाहिलं. "बाईसाब, घोडी कुनाची?"

"या आबांची. सगळ्या गावाला माहीत आहे."

"आणि खोगीर?"

आबांनी डोळे मिटले, नदीत मिटतात तसे.

मी म्हटलं, "जमादारसाहेब, खोगीर कुणाच्या बुडाखाली सापडलं ते तुम्ही पाहिलंत. मी कशाला सांगू?"

जमादाराने एकदा माझ्याकडे, एकदा आबांकडे पाहिलं. मग असा हसला, की पान बाहेर आलं. "ये मास्तरनी है या वकील?" म्हणाला, आणि घोडीची दोरी आबांच्या हातात दिली. खोगीर ठेवून घेतलं.

आम्ही काठापर्यंत आलो आणि आबा थांबले. चंद्रीच्या पाठीवर खोगीर घासून घासून चट्टे पडले होते, केस गेलेले. ते त्यावर बोट फिरवत होते.

"चला," मी म्हटलं.

"न्हाई बाई. तिकडं शेठची मानसं हायेत. सरकार बी तिकडंच हाय." मग म्हणाले, "पेटी तेवढी भोयाकडं द्या."

मला रडू आलं. मी रडले, लपवलं नाही. आबा माझी समजूत घालायला लागले, पण त्यांना घोडीचीच समजूत घालायची सवय. "अहो बाई, अहो, आसं करू नये," ते म्हणत होते. चंद्रीखेरीज 'अहो' ऐकायचा मान आयुष्यात मला एकटीला मिळाला. मी एकटी नदी ओलांडून आले.

पुढे राज्यं बदलली, मोगलाई गेली, नाका मोडला. आमच्या शाळेतल्या एका मुलीचं लग्न पैठणच्या अंगाला झालं होतं. ती माहेरी आली की मी तिला आधी आबांचंच विचारायचे. ती सांगायची, तिकडे गावोगाव एक म्हातारा हिंगवाला येतो. हिंगाची पेटी स्वतःच्या डोक्यावर, घामाने डबडबलेला, आणि त्याच्या मागून एक म्हातारी पांढरी घोडी चालते, पाठ उघडी, अंगावर दोरीसुद्धा नाही. लोक विचारतात, आबा, घोडी असताना ओझं तुम्ही का वाहता? तर तो म्हणतो, "त्येंनी लई वाहिलं."